सल्ला, सूचना आणि मागणी : इंग्रजी क्रियापदांच्या तीन वाटा



आज एका दिसायला लहान पण मुलांना फार छळणाऱ्या गोष्टीविषयी बोलायचे योजले आहे. आधी चार मराठी वाक्ये ऐका. ‘डॉक्टरांनी मला विश्रांती घ्यायला सांगितले.’ ‘डॉक्टरांनी मला विश्रांती घेण्याचा सल्ला दिला.’ ‘डॉक्टरांनी मला विश्रांती घेण्यास सुचवले.’ ‘डॉक्टरांनी मला विश्रांती घेण्याचा आग्रह केला.’ चारही वाक्यांची ठेवण जवळजवळ एकच आहे, हे तुमच्या ध्यानात आले असेल. ‘मला’ हा शब्द चौघांतही आहे, आणि ‘घेणे’ हे क्रियापद थोडे रूप बदलून चौघांतही आहे. बदलते ते फक्त शेवटचे क्रियापद.

आता आपला विद्यार्थी ही वाक्ये इंग्रजीत घालू लागतो. पहिले तो लिहितो, ‘द डॉक्टर टोल्ड मी टू रेस्ट.’ बरोबर. दुसरे लिहितो, ‘द डॉक्टर ॲडव्हाइझ्ड मी टू रेस्ट.’ हेही बरोबर. मग तो मोठ्या विश्वासाने तिसरे लिहितो, ‘द डॉक्टर सजेस्टेड मी टू रेस्ट.’ गुरुजी लाल रेघ ओढतात. चौथे लिहितो, ‘द डॉक्टर इन्सिस्टेड मी टू रेस्ट.’ पुन्हा लाल रेघ. मुलगा विचारतो, ‘पहिली दोन चालतात, मग पुढची दोन का चालत नाहीत?’ आणि पुष्कळदा त्याला उत्तर मिळते, ‘इंग्रजीत तसे नसते म्हणून!’

मंडळी, या मुलाचे वाक्य चुकले खरे, पण त्याचा विचार चुकलेला नाही. एका नमुन्यावरून दुसरा ताडणे ही तर शिकण्याची रीतच आहे. पेच असा की इंग्रजीत क्रियापदाच्या अर्थावरून त्याच्या पुढच्या वाक्याची बांधणी कळत नाही. ‘ॲडव्हाइझ’ आणि ‘सजेस्ट’ यांचे अर्थ शेजारी-शेजारी राहतात, पण त्यांचे रस्ते निराळे आहेत.

ही अडचण केवळ आपल्याच मुलांची आहे असे मात्र समजू नका. ए. एस. हॉर्नबी नावाचे एक इंग्रज शिक्षक १९२४ साली जपानात शिकवायला गेले. तिथे हॅरल्ड पामर यांनी इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी टोकियोत चालवलेल्या संस्थेच्या कामात ते सामील झाले. परभाषेतली मुले शब्दाचा अर्थ शिकतात, पण तो शब्द वाक्यात कसा बसवायचा हे त्यांना कोणी सांगत नाही, हे या दोघांनी ओळखले. हॉर्नबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा कोश १९४२ साली निघाला. त्यात इंग्रजी क्रियापदांचे २५ साचे ठरवून प्रत्येक क्रियापदाला त्याच्या साच्याचा आकडा दिलेला होता. १९५४ साली हॉर्नबींनी हे साचे समजावणारे स्वतंत्र पुस्तकही प्रसिद्ध केले. तोच कोश पुढे ऑक्सफर्डचा विद्यार्थिकोश म्हणून जगभर गेला. त्यांच्या सगळ्या खटपटीचे सार आपल्या कामापुरते एवढेच घ्यावे : क्रियापद एकटे पाठ करू नये, त्याच्या साच्यासकट पाठ करावे.

सगळे पंचवीस साचे आज आपण घेणार नाही. सल्ला, सूचना, मागणी आणि आग्रह या घरातल्या तीन वाटा तेवढ्या पाहू.

पहिली वाट माणसावरून जाते. क्रियापद, मग माणूस, मग ‘टू’ आणि क्रियापदाचे मूळ रूप. ‘टेल’, ‘ॲडव्हाइझ’, ‘आस्क’, ‘ऑर्डर’, ‘रिक्वेस्ट’, ‘वॉर्न’, ‘अर्ज’, ‘रिमाइंड’, ‘परसुएड’ ही मंडळी या वाटेने जातात. ‘माय फादर वॉर्न्ड मी नॉट टू स्विम देअर’, म्हणजे ‘तिथे पोहू नकोस अशी वडिलांनी मला ताकीद दिली.’ नकार द्यायचा तर ‘नॉट’ हा ‘टू’च्या आधी येतो, एवढे इथे सांभाळावे.

दुसरी वाट माणसाला बगल देऊन गोष्टीकडे जाते. ‘सजेस्ट’, ‘प्रपोज’, ‘डिमांड’, ‘इन्सिस्ट’ ही क्रियापदे या वाटेची. यांच्यापुढे माणूस आणि ‘टू’ अशी जोडी कधीही बसत नाही. यांच्यापुढे ‘दॅट’ येतो आणि मग एक पुरे वाक्य येते : ‘द डॉक्टर सजेस्टेड दॅट आय रेस्ट.’ किंवा ‘द डॉक्टर सजेस्टेड दॅट आय शुड रेस्ट.’ ज्याला सुचवले त्याचा उल्लेख करायचाच असेल तर त्याच्या आधी ‘टू’ लावून त्याला जरा दूर उभे करावे लागते : ‘ही सजेस्टेड टू मी दॅट...’ मुलांना सांगताना असे सांगावे, की ‘ॲडव्हाइझ’ माणसाचा हात धरते, तर ‘सजेस्ट’ विचार पाटावर मांडून ठेवते. घ्यायचा तर घ्या.

दॅटशिवायही या क्रियापदांना एकेक पाऊलवाट आहे, पण ती प्रत्येकाची वेगळी. ‘सजेस्ट’पुढे ‘इंग’चे रूप चालते : ‘गोपाळ सजेस्टेड गोइंग बाय बस.’ गोपाळने बसने जायचे सुचवले. कोणी जायचे ते वाक्यात नाही. पुष्कळदा सुचवणारा स्वतःही त्यात असतो, पण ते संदर्भावरून समजून घ्यायचे. ‘इन्सिस्ट’ला मधे ‘ऑन’ लागतो : ‘गोपाळ इन्सिस्टेड ऑन पेइंग.’ पैसे मीच देणार म्हणून गोपाळ हटून बसला. ‘डिमांड’पुढे ‘टू’ येतो, पण तेव्हा काम करणारा मागणाराच असतो : ‘ही डिमांडेड टू सी द बिल’, म्हणजे बिल त्याला स्वतःला पाहायचे आहे. दुकानदाराने बिल दाखवावे असे म्हणायचे असेल, तर पुन्हा दॅटकडे यावे लागते : ‘ही डिमांडेड दॅट द शॉपकीपर शो द बिल.’ ‘प्रपोज’पुढे ‘टू’ आला तर अर्थच बदलतो. ‘आय प्रपोज टू बिल्ड अ हाउस’ म्हणजे घर बांधण्याचा माझा बेत आहे. तिथे कोणाला काही सुचवलेले नसते.

तिसरी वाट म्हणजे दोन्हीकडे पाय असलेल्यांची. ‘ॲडव्हाइझ’, ‘आस्क’, ‘ऑर्डर’, ‘रिक्वेस्ट’, ‘अर्ज’ ही क्रियापदे माणसावरूनही जातात आणि दॅटवरूनही. ‘द जज ऑर्डर्ड हिम टू पे’ हेही बरोबर आणि ‘द जज ऑर्डर्ड दॅट ही पे’ हेही बरोबर. ‘रेकमेंड’चे मात्र जपून. त्याच्यापुढे माणूस आणि ‘टू’ कधीकधी छापलेले दिसते, पण शिकणाऱ्याने ‘दॅट’ किंवा ‘इंग’ वापरावे, म्हणजे कुठेच अडत नाही. उलट ‘टेल’ पहिल्या वाटेचेच. ‘टोल्ड हिम दॅट ही गो’ असे होत नाही. ‘टोल्ड हिम टू गो’ म्हणावे, नाहीतर ‘टोल्ड हिम दॅट ही शुड गो.’

कोण कोणत्या वाटेचा हे पारखायला एक सोपी खूण आहे. वाक्य फिरवून माणूस कर्त्याच्या जागी बसतो का ते पाहावे. ‘आय वॉज ॲडव्हाइझ्ड टू रेस्ट’ हे बसते. ‘आय वॉज सजेस्टेड टू रेस्ट’ हे बसत नाही. तिथे ‘इट वॉज सजेस्टेड दॅट आय रेस्ट’ असेच म्हणावे लागते. आपल्या कार्यालयीन मराठीत ‘असे सुचवण्यात आले की’ अशी सुरुवात असते ना, तीच ही.

आता त्या दॅटपुढच्या वाक्याकडे वळू. खरी गंमत तिथे आहे, आणि खरा अन्यायही तिथेच होतो. ‘द टीचर डिमांडेड दॅट गोपाळ कम ॲट टेन.’ हे वाक्य ऐकून तुमच्यापैकी काही जण चमकले असतील. गोपाळ एकटा, तृतीय पुरुष. मग ‘कम’ला ‘स’ का नाही? आणि ‘डिमांडेड’ भूतकाळ, तर पुढे ‘केम’ का नाही?

याचे उत्तर आपल्या मराठीतच आहे. ‘गोपाळने दहा वाजता यावे अशी गुरुजींनी मागणी केली.’ हे ‘यावे’ पाहा. ‘यावे अशी मागणी करतात’, ‘यावे अशी मागणी केली’, ‘यावे अशी मागणी करतील’. पुढचे क्रियापद तिन्ही काळांत फिरले, पण ‘यावे’ जागचे हलले नाही. ‘मी यावे’, ‘त्याने यावे’, ‘सर्वांनी यावे’. माणसे बदलली तरी ‘यावे’ तेच. ‘तू यावेस’ म्हणताना शेवटी ‘स’ लागतो खरा, आणि ‘पोथी वाचावी’, ‘ग्रंथ वाचावा’ असे कर्माप्रमाणे बदलही होतात. पण मूळ भाव एकच : हे घडलेले नाही, घडावे असे कोणाला तरी वाटते आहे. मराठी व्याकरणात याला विध्यर्थ म्हणतात. इंग्रजीत अशाच ठिकाणी क्रियापदाचे उघडे, मूळ रूप येते. त्याला ‘स’ नाही, काळ नाही. ‘कम’, ‘गो’, ‘पे’, आणि ‘इज’ किंवा ‘वॉज’च्या जागी नुसते ‘बी’.

नकारही तसाच. मराठीत ‘जावे’चा नकार ‘जाऊ नये’ असा खास होतो. इंग्रजीत ‘डू’, ‘डज’, ‘डिड’ यांची मदत न घेता क्रियापदाच्या आधी नुसता ‘नॉट’ येतो : ‘द डॉक्टर सजेस्टेड दॅट ही नॉट गो.’ कानाला विचित्र लागते, पण शुद्ध आहे.

म्हणून मुलांना एक युक्ती शिकवा. ‘सुचवणे’, ‘आग्रह धरणे’, ‘मागणी करणे’ असे मराठी वाक्य आले, की ते थेट इंग्रजीत घालू नये. आधी मराठीतल्या मराठीतच फिरवावे. ‘डॉक्टरांनी मला विश्रांती घेण्यास सुचवले’ याचे ‘मी विश्रांती घ्यावी असे डॉक्टरांनी सुचवले’ असे करावे. ‘असे’च्या जागी ‘दॅट’ आणि ‘घ्यावी’च्या जागी मूळ रूप, की वाक्य जवळजवळ तयार. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठीच्या आधाराने इंग्रजीत शिरण्याची ती रीत अशा जागी अजूनही उपयोगी पडते.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा ‘स’साठी आणि ‘बी’साठी इतकी यातायात कशाला? तर एक उदाहरण घ्या. समजा, गावातल्या विहिरीच्या पाण्याविषयी कोणीतरी इंग्रजीत पत्र लिहिले, आणि त्यात दोनपैकी एक वाक्य आले. पहिले, ‘द व्हिलेजर्स इन्सिस्टेड दॅट द वॉटर वॉज टेस्टेड.’ दुसरे, ‘द व्हिलेजर्स इन्सिस्टेड दॅट द वॉटर बी टेस्टेड.’ फरक फक्त ‘वॉज’ आणि ‘बी’ यांचा. पण पहिल्याचा सरळ अर्थ असा, की पाण्याची तपासणी झालेली आहे, असे गावकऱ्यांनी ठासून सांगितले. दुसऱ्याचा अर्थ, पाण्याची तपासणी व्हावी, असा गावकऱ्यांनी आग्रह धरला. पहिले पत्र वाचणारा अधिकारी म्हणेल, तपासणी झाली आहे, मग प्रश्न मिटला. दुसरे पत्र वाचणारा नमुना घ्यायला माणूस धाडील. एका शब्दाने सगळ्या गावाचे पिण्याचे पाणी राहून जाऊ शकते.

‘इन्सिस्ट’ या क्रियापदाची ही दोन तोंडे आहेत. ‘असेच आहे’ असे ठासून सांगणे, आणि ‘असेच व्हावे’ असा हट्ट धरणे. पहिल्या अर्थी पुढे नेहमीचे काळाचे रूप येते, दुसऱ्या अर्थी मूळ रूप किंवा ‘शुड’. ‘सजेस्ट’चेही तसेच. ‘द स्मेल सजेस्ट्स दॅट द मिल्क इज बॅड’ म्हणजे वासावरून दूध नासले आहे असे दिसते. वास काही सल्ला देत नाही! म्हणून तिथे ‘इज’ हवे, ‘बी’ नको.

एक अडचण मात्र उरते. ‘दे इन्सिस्ट दॅट वी पे’ या वाक्यात ‘पे’ हे मूळ रूप आणि नेहमीचे वर्तमानकाळाचे रूप अगदी सारखे दिसते. आम्ही पैसे भरतो असे ते ठासून सांगतात, की आम्ही भरावेत असा त्यांचा आग्रह आहे? वाक्यावरून कळणार नाही. अशा ठिकाणी ‘शुड’ घालावा, म्हणजे संशय फिटतो.

आता गुरुजनांना खास विनंती. परीक्षेत एखाद्या मुलीने ‘दॅट ही गो’ असे लिहिले, तर घाईने ‘गो’ला ‘ईएस’चा शेपूट जोडून गुण कापू नका. तिने कदाचित तुमच्या-माझ्यापेक्षा काळजीपूर्वक लिहिलेले असते. त्यामागे इतिहास आहे. जुन्या इंग्रजीत इच्छा, आज्ञा, शंका यांसाठी क्रियापदांची वेगळी रूपे होती. शतकांच्या ओघात त्यांचे प्रत्यय झिजले, आणि उरली ती एवढीच खूण : ‘स’ नसणे आणि ‘बी’ असणे. ब्रिटनमध्ये ही खूणही मागे पडत गेली आणि ‘शुड’ रुळला. आपल्याकडे इंग्रजी ब्रिटिशांच्या पुस्तकांतून आले, म्हणून आपल्या जुन्या व्याकरणांत ‘शुड’ अधिक दिसतो. अमेरिकेत मात्र मूळ रूप जोमाने चालू राहिले, आणि विसाव्या शतकात ते ब्रिटनमध्येही पुन्हा वाढले. तेव्हा ‘दॅट ही गो’ आणि ‘दॅट ही शुड गो’ दोन्ही शुद्ध. बोलण्यात ब्रिटिश माणसे ‘डिमांडेड दॅट ही वेंट’ असेही म्हणतात. पण मघाच्या विहिरीची गोष्ट आठवा, आणि लिहिताना ही तिसरी तऱ्हा टाळा.

शब्दांच्या स्वभावाविषयीही दोन गोष्टी. आपली ‘मागणी’ मोठी सौम्य आहे. मुलीला मागणी घालतात ती काही दरडावून नव्हे. इंग्रजीतले ‘डिमांड’ करड्या आवाजाचे. हक्काने, जोर लावून मागणे. म्हणून अर्जात ‘आय डिमांड’ असे लिहू नये. ‘आय रिक्वेस्ट दॅट माय लीव्ह बी ग्रँटेड’ लिहावे. ‘माझी रजा मंजूर करण्यात यावी’ याचा हा सरळ जोडीदार. पंगतीतला आपला ‘आग्रह’ मात्र ‘इन्सिस्ट’ने सांगता येतो : ‘शी इन्सिस्टेड दॅट आय स्टे फॉर डिनर.’ त्यात रागाचा अंशही नाही.

दुसरी गोष्ट, नाम आणि क्रियापद यांची गल्लत. ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’, ‘अ डिमांड फॉर वॉटर’ यांत ‘फॉर’ हवा, कारण ती नामे आहेत. पण क्रियापद झाले की ‘फॉर’ गळतो : ‘वी रिक्वेस्टेड हेल्प’, ‘वी डिमांडेड वॉटर’. ‘रिक्वेस्टेड फॉर’ ही चूक आपल्याकडे शिकलेल्यांच्या अर्जांतूनही मुबलक सापडते. तसेच सल्ला हे नाम ‘ॲडव्हाइस’, शेवटी ‘स’चा उच्चार; सल्ला देणे हे क्रियापद ‘ॲडव्हाइझ’, शेवटी ‘झ’. मराठीत आपण चार सल्ले देतो, पण इंग्रजीत ‘ॲडव्हाइस’चे अनेकवचन होत नाही. ‘सम ॲडव्हाइस’ म्हणावे, किंवा मोजायचेच असतील तर ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’.

हे वर्गात कसे शिकवावे? नियमांची यादी फळ्यावर लिहून पाठ करून घेऊ नका. फळ्यावर तीन रकाने आखा. पहिल्याच्या डोक्यावर ‘माणूस’, दुसऱ्याच्या ‘गोष्ट’, तिसऱ्याच्या ‘दोन्ही’. नवे क्रियापद आले की मुलांनीच त्याचा रकाना शोधावा. खात्री करायची तर विद्यार्थिकोशातली उदाहरणे उघडून पाहावीत, नुसता अर्थ पाहून थांबू नये.

मग वर्गाची ग्रामसभा भरवा. एक मुलगा अध्यक्ष. प्रत्येकाने उठून एक सूचना मांडायची : ‘आय सजेस्ट दॅट द रोड बी रिपेअर्ड.’ ‘आय प्रपोज दॅट द लायब्ररी बी ओपन ऑन संडेज.’ एखादी धीट मुलगी म्हणेल, ‘आय डिमांड दॅट द गर्ल्स बी गिव्हन अ प्लेग्राउंड!’ दुसऱ्या बाजूला एक मुलगा इतिवृत्त लिहायला बसवा. त्याने लिहायचे, ‘इट वॉज सजेस्टेड दॅट...’ रस्ता, वाचनालय, मैदान ही मुलांच्या रोजच्या जिव्हाळ्याची प्रकरणे. तोंडातून पन्नास वेळा ‘बी’ निघाला, की तो कानाला विचित्र लागेनासा होतो. खरे शिकणे इथेच होते; माझ्यासारख्याचे भाषण ऐकून नव्हे.

जाता जाता घरच्या अभ्यासासाठी तीन वाक्ये देतो. पहिले : ‘आईने मला छत्री न्यायला सांगितले.’ दुसरे : ‘शाळेला दुसरी खोली मिळावी अशी पालकांनी मागणी केली.’ तिसरे : ‘त्याने रात्री एकट्याने जाऊ नये असे मी सुचवले.’ पहिले माणसाच्या वाटेने जाईल, उरलेली दोन गोष्टीच्या वाटेने. तिसऱ्यात ‘नॉट’ कुठे ठेवायचा ते मुलांनाच ठरवू द्या. कोणी ‘डज नॉट’ लिहिले तर रागावू नका. ‘जाऊ नये’ आणि ‘जात नाही’ यांतला फरक त्याला आधी मराठीत विचारा. तो फरक त्याला चांगला ठाऊक आहे.